सात नंबरची निळी राणी

१

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला, पंपघरामागच्या लिंबाच्या बागेत, सात नंबरच्या पेटीतली आठवी आणि शेवटची चौकट उन्हात धरून चिटणीस म्हणाले, "राणी गेली."

धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. लिंबाच्या फुलांचा वास पाण्यात साखर विरघळावी तसा हवेत विरघळला होता. बागेतल्या बारा पेट्यांपैकी अकरांसमोर माश्यांची ये-जा सुरू झाली होती. बाराव्या, म्हणजे सात नंबरच्या पेटीभोवती मधमाशी मंडळाची माणसं जाळीचे टोप घालून उभी होती. जाळीमुळे कुणाचा चेहरा कुणाला नीट दिसत नव्हता.

"पुन्हा बघा," कुणीतरी म्हणालं.

आठही चौकटी पुन्हा एकेक करून हातोहात फिरल्या.

"ठिपका दिसला?"

"नाही."

"या बाजूला? निळा ठिपका?"

"नाही हो."

या मंडळात प्रत्येक राणीमाशीच्या पाठीवर रंगाचा एक ठिपका द्यायची पद्धत होती. ज्या वर्षी राणी जन्मली, त्या वर्षाचा रंग. पेटीत हजारो माश्या, सगळ्या एका चणीच्या. राणी त्यांच्यापेक्षा जरा लांबोडकी, एवढंच. ठिपका असला की शोधायला सोपं जायचं. सात नंबरच्या राणीचा ठिपका निळा होता, आणि तो घड्याळजींच्या हातचा होता. घड्याळजी म्हणजे गल्लीच्या टोकाचे घड्याळ दुरुस्त करणारे, या मंडळाचे संस्थापक. त्यांनी हयातीत दिलेला हा शेवटचा ठिपका. ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

आज त्या राणीला काढून टाकायचं ठरलं होतं. चिटणीस त्याला 'निवृत्ती' म्हणायचे. निवृत्ती म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चिरडणं, हे सगळ्यांना माहीत होतं. नवी राणी शुक्रवारी टपालाने आली होती. काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात बसून ती चिटणिसांच्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांमध्ये वाट बघत होती.

"म्हातारी होऊन मेली असेल," कुणीतरी हळूच म्हणालं.

"काल तीन वाजता मी या डोळ्यांनी पाहिली," चिटणीस म्हणाले. "ठणठणीत होती. शनिवारी ठणठणीत आणि रविवारी गायब? हे आपोआप होत नाही."

तेव्हा फाटकाबाहेरून टपालवाल्याचा आवाज आला. हा मंडळाचा सभासद होता खरा, पण माश्यांना इतका भ्यायचा की टोप घालूनही फाटकाच्या आत पाय ठेवत नसे. "मी कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणाला, "पण आज पहाटे मी सायकलवरून जाताना बेकरीवाला इथंच होता. त्याच पेटीशी. वाकून."

माना वळल्या. चिटणिसांनी पेटीला फेरी मारली आणि एका बाजूला थांबले. पेटीच्या भिंतीवर पिठाचा पांढरा पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट.

"तुमच्या चार नंबरच्या पेटीत दोन आठवडे राणी नाही," चिटणीस बेकरीवाल्याला सावकाश म्हणाले. "माश्यांनी करायला घेतलेली नवी राणीही जगली नाही. पेटी मरायला टेकली आहे. बरोबर?"

बेकरीवाला चाळिशीचा, अंगाने आडवा, बोलायला लाजरा. त्याने तिथल्या तिथे स्वतःची पेटी उघडून दाखवली. चौकटी फिरल्या. निळा ठिपका तिथेही नव्हता.

"राणी खिशातल्या डबीतसुद्धा राहते," चिटणीस म्हणाले.

बेकरीवाल्याने नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाई त्याची सख्खी मावशी. नोकरीतून मोकळ्या झाल्यापासून त्या मंडळाची पेट्यांची वही लिहीत. "मावशी," तो म्हणाला, "तू तरी सांग यांना."

नर्सबाईंचे ओठ हलले आणि मिटले. सकाळी दहापर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम होता. पस्तीस वर्षं वॉर्डात 'गोळी घेतली का' आणि 'हळू बोला' म्हणत काढल्यावर दिवसाचे पहिले तास त्यांनी देवाच्या नावाने गप्प राहायला दिले होते. मोडायचा तर क्षणात मोडला असता. पण तो क्षण हातातून निसटला, आणि मग भाच्याने मान खाली घातली.

त्यांनी वही उघडून पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिलं : मंगळवारपर्यंत थांबा.

चिटणिसांनी वाचलं. "पेटी दोन दिवस पोरकी ठेवायचीच असते, म्हणजे ती नवी राणी लवकर पत्करते," ते म्हणाले. "मंगळवारी चार वाजता नवी राणी घालू. तोवर पेटीला कुणी हात लावायचा नाही. आणि तोवर निळी राणी परत आली नाही, तर चार नंबरची पेटी या बागेतून उचलायची. मावशीची भीड मंडळ ठेवणार नाही."

२

"दहा वाजले का गं?" बेकरीवाल्याने दारातच विचारलं.

"टोमणा मारू नकोस. चुकलं माझं."

"टोमणा नाही. घड्याळ बंद आहे म्हणून विचारतोय."

बेकरीच्या मागच्या खोलीत एक खाट होती, एक खिडकी होती, आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. भट्टी अजून निवत होती. नर्सबाई पिठाच्या पोत्यावर बसल्या.

"पंजा तुझाच ना?"

"माझाच. पहाटे भट्टी संपली की हात न धुता तिकडे जातो मी. रोज."

"कशाला?"

तो हसला. ओशाळवाणं. "ऐकायला. माझी पेटी रडते गं मावशी. राणी गेल्यापासून नुसती रडते. ऐकवत नाही. मग मी सात नंबरला कान लावतो. सुखी पेटी कशी वाजते, ते विसरू नये म्हणून."

"आज पहाटे कशी वाजत होती?"

"सुखात." त्याने डोळे मिटून घशातल्या घशात एक सूर काढला. दूर कुठेतरी मोटार चालावी तसा, एकसारखा. "अशी."

"झाकण उघडलं होतंस?"

"तुझ्या गळ्याची शपथ, नाही."

"माझ्या गळ्याला मध्ये आणू नकोस. पासष्ट वर्षं जपलाय." मग त्या गंभीर झाल्या. "पेटी उचलायला लागली तर कुठं ठेवशील?"

त्याने खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. "रात्री भट्टी, दिवसा झोप. माझ्या अंगावर ऊन पडतं ते त्या बागेतच, अर्धा तास. माणसं भेटतात ती तिथंच, रविवारी. आता तिथंही मी चोर." तो उठून पाव मोजू लागला. मोजलेलेच पुन्हा मोजत होता. "जाऊ दे. तू ऊन व्हायच्या आत घरी जा."

नर्सबाई घरी गेल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत वहीबरोबर जुना स्टेथोस्कोप असे. काय नडेल सांगता येत नाही, असं त्या म्हणायच्या. बागेत कुणी नव्हतं. धुकं जाऊन सोनेरी, सुस्त ऊन पसरलं होतं, आणि त्या उन्हात माश्या इतक्या संथ तरंगत होत्या, जणू हवाच घट्ट झाली होती.

त्यांनी आधी चार नंबरच्या पेटीला नळी लावली. आतून एक लांबलचक, चढउतार नसलेला हुंकार आला. रात्रपाळीला मुलांच्या वॉर्डात, दिवा विझल्यावर, एका कोपऱ्यातून असा आवाज यायचा. राणी गेल्याचं माश्यांना तासाभरात कळतं, आणि मग त्या अशा वाजू लागतात.

मग सात नंबरला नळी लावली. पिठाच्या पंज्याशेजारीच.

त्यांनी नळी काढली, पुसली, पुन्हा लावली.

सात नंबरची पेटी सुखात गुणगुणत होती.

३

सोमवारी दुपारी औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चिटणीस एका लहान बाटलीत सरबत ओतत होते. दोन्ही हातांनी. तरी थेंब बाहेर सांडलेच.

"हात थरथरतात अलीकडे," ते म्हणाले. "वय झालं. आता कुणी मलाही निवृत्त करेल."

"चिमटीत धरून?"

"बाई!" पण ते हसले. "मी काही राक्षस नाही. तिसऱ्या वर्षी राणी बदला, हा नियम घड्याळजींनीच केलाय. म्हातारी राणी अंडी कमी घालते, पेटी खंगते. त्यांचाच नियम त्यांच्याच राणीला लावला तर मी वाईट?"

"वाईट कोण म्हणतंय?"

"म्हणत नाहीत. बघतात." त्यांनी फळीवरून पिंजरा काढला. लाकडी ठोकळ्यात जाळी, जाळीआड लांब पोटाची राणी आणि तिच्या दिमतीला पाचसहा माश्या. एका टोकाच्या भोकात साखरेचा गोळा. "ही बुधवारपर्यंत टिकेल. पुढं मी हमी देत नाही. आणि पोरक्या पेटीत सोडायची, तर पेटी खरोखर पोरकी पाहिजे. आत जुनी राणी असली तर माश्या नवीला मारतात."

"शनिवारी तीननंतर बागेत कोण गेलं?"

"फाटकाची किल्ली पंपघराच्या खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक. कुणीही जाईल." त्यांनी पिंजरा परत फळीवर ठेवला. "बाई, भाच्याची माया मला कळते. पण कारण आहे, खूण आहे, साक्षीदार आहे. अजून काय हवं?"

"झाकणावर पीठ होतं का?"

"काय?"

"पंजा भिंतीवर होता. झाकण उचलायचं तर झाकणाला हात लागतो. चौकटी काढायच्या तर चौकटींना लागतो. आत कुठं पीठ दिसलं?"

चिटणिसांनी बाटलीचं बूच लावलं. ते तीनदा घसरलं. "लक्ष नव्हतं तिकडे," ते म्हणाले.

टपालवाला नर्सबाईंना चौकातच सापडला. सायकल भिंतीला, पिशवी मांडीवर, तोंड चालू.

"मी काय खोटं बोललो? दिसलं ते सांगितलं!"

"सांगितलंस ते खरंच आहे. सगळं सांगितलंस का?"

"म्हणजे?"

"राणीचं पार्सल तूच आणलंस ना शुक्रवारी?"

"मीच! हात लांब धरून आणलं. आत गुणगुण चालू, माझी पाचावर धारण. दारोदार सांगितलं, बाजूला व्हा, राणीसाहेब येतायत. शाळेत सांगितलं, शिंप्याला सांगितलं, घड्याळकाकूंना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं..."

"कुणी काही विचारलं?"

"न्हाव्याने विचारलं, चावते का. शिंप्याने विचारलं, कपडे घालते का." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "काकूंनी विचारलं, कधी. म्हटलं रविवारी. निळीचे दिवस भरले म्हणालो. सहज."

"मग?"

"मग काही नाही. चहा दिला. साखर घालायला विसरल्या." तो उठला. "बाई, बेकरीवाल्याला खरंच काढतील का हो? म्हणजे... त्याचे पाव चांगले असतात."

"आधी जीभ उचलायची आणि मग पाव आठवायचे," नर्सबाई म्हणाल्या, आणि गल्लीच्या टोकाकडे वळल्या.

४

घड्याळजींच्या खोलीत चाळीसेक घड्याळं होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी होती. सगळी चालू होती. त्या टिकटिकीत शिरलं की पाऊस पडतोय असं वाटे. काकू खिडकीशी बसल्या होत्या, डोळ्याला भिंग लावून. नवरा गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं नाही. तीस वर्षं त्याच्या शेजारी बसून चिमट्यानं स्क्रू दिलेले, तेच आता स्वतः बसवत होत्या.

"ये," त्या वर न बघता म्हणाल्या. "जरा थांब हं. हा एवढा बसू दे."

खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू चिमट्याच्या टोकाला होता. तो हवेतून गेला आणि आपल्या जागी अलगद उतरला. हात मुळीच हलला नाही.

"बागेत येत नाहीस तू," नर्सबाई म्हणाल्या.

"वास येतो इथवर. पुरतो." काकूंनी भिंग काढलं. उजव्या मनगटाला आतल्या बाजूने सूज होती आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. नर्सबाईंची नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनी बाही ओढली. "सुई लागली."

"लावायला काही देऊ?"

"बरं होतंय."

टेबलावर एक खिशातलं घड्याळ होतं. घड्याळजींचं. त्याच्या काचेखाली, सातच्या आकड्याजवळ, निळ्या रंगाचा एक कण होता. मोहरीहून लहान. नर्सबाईंना वाटलं, नक्षी असेल.

"निळी राणी चोरीला गेली," त्या म्हणाल्या.

"ऐकलं." काकूंनी दुसरा स्क्रू उचलला. "म्हातारी होती. गेली असेल आपली आपण. माश्या मेलेल्याला बाहेर नेऊन टाकतात. कशाला शोधायचं?"

"शोधायला लागतंय. माझ्या भाच्यावर आळ आलाय. उद्या चारपर्यंत राणी मिळाली नाही, तर त्याला मंडळातून काढतील."

टिकटिकीत एक बारीक आवाज झाला. फरशीवर काहीतरी पडल्याचा.

तीस वर्षांत काकूंच्या हातून स्क्रू पडलेला कुणी पाहिला नव्हता.

"पाववाल्याला?" त्या म्हणाल्या. "त्याचा काय संबंध?" पण स्क्रू शोधायला त्या वाकल्या नाहीत. नर्सबाई निघाल्या तेव्हा मागून प्रश्न आला, अगदी हळू. "उद्या चार वाजता म्हणालीस ना?"

रात्री नर्सबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि जप सुरू केला, पण मणी पुढे सरकेना. पेटी सुखात. झाकणावर पीठ नाही. मनगटावरची सूज सुईची नव्हे, हे त्यांनी पस्तीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलं होतं. डंख होता तो. पण मग राणी काकूंकडे असायला हवी, आणि राणी काकूंकडे असेल तर पेटी गुणगुणते कशी?

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे निळा ठिपका आला. घड्याळाच्या काचेखालचा.

माळ त्यांच्या हातातून सुटली.

५

मंगळवारी पावणेचारला सगळे जमले. ऊन तिरकं झालं होतं आणि लिंबाच्या पाकळ्या वारा नसताना गळत होत्या. बेकरीवाला चार नंबरच्या पेटीशी हातात दोरखंड घेऊन उभा होता. पेटी बांधून न्यायच्या तयारीने. चिटणिसांच्या खिशात पिंजरा होता.

"नवी राणी घालण्याआधी सात नंबर मला उघडू द्या," नर्सबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं."

"राणी मिळाली का?"

"उघडू द्या."

त्यांनी माश्या शांत करायच्या धुराड्यातून धुराचे दोन हलके झोत सोडले आणि मधली चौकट काढून सूर्याकडे पाठ करून धरली, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट मेणाच्या घरांच्या तळाशी जाईल. "चिटणीस, हे बघा. काय दिसतं?"

चिटणिसांनी चष्मा वर केला. "अंडी आहेत. म्हणजे चोरी होण्याआधी घातलेली."

"नीट बघा. उभी की आडवी?"

चिटणीस बघत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलला.

मागे उभ्या टपालवाल्याला काही कळेना. आज तो फाटकाच्या चक्क दोन पावलं आत आला होता. "अंडी उभी असली काय नि आडवी असली काय?"

"राणी अंडं घालते तेव्हा ते घराच्या तळाशी सुईसारखं उभं असतं," नर्सबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी कलतं. तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. राणी रविवारी सकाळी पेटीत नव्हती म्हणता. आज मंगळवारची दुपार. इथं एकही उभं अंडं असायला नको. मोजा किती आहेत."

कुणी मोजलं नाही. चौकटीच्या मधोमध, घरामागून घर, पांढरे बारीक उभे धागे उन्हात चमकत होते.

"आणि एक," नर्सबाई पुढे म्हणाल्या. "राणी गेली की दोन दिवसांत माश्या नवी राणी करायला लागतात. मोठी, लोंबती घरं बांधतात. इथं एक तरी आहे? नाही. त्यांना राणीची गरजच नाही. रविवारी तुम्ही 'राणी गेली' म्हणालात तेव्हाही ही पेटी सुखात वाजत होती. माश्यांनी काही हरवल्याचं सांगितलंच नाही. सांगितलं ते आपण."

"पण आम्ही दोनदा पाहिलं!" चिटणीस म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं!"

"काय पाहिलंत?"

चिटणिसांनी पुन्हा चौकटीत पाहिलं.

"ठिपका," बेकरीवाला दोरखंड खाली ठेवत म्हणाला. "आपण ठिपका शोधत होतो."

"आता ठिपका शोधू नका," नर्सबाई म्हणाल्या. "माश्या कुणाकडे तोंड करून उभ्या आहेत, ते बघा."

चौकटी पुन्हा हातोहात फिरल्या. या वेळी कुणी काही विचारत नव्हतं. पाचव्या चौकटीवर बेकरीवाल्याचं बोट थांबलं. माश्यांच्या गर्दीत एक छोटं वर्तुळ होतं. दहाबारा माश्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या, सगळ्यांची तोंडं आत. आणि मधोमध एक लांबोडकी माशी, सावकाश पावलं टाकत, एकेका घरात डोकावत चालली होती. तिच्या पाठीवर जिथं ठिपका असायचा तिथं फक्त एक गुळगुळीत, फिकट जागा होती.

"काखेत कळसा," टपालवाला पुटपुटला.

चिटणीस मात्र रागाने लाल झाले होते. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठिपका काढला! जिवंत राणीच्या पाठीवरून! कोण?"

"तुमचा हात थरथरतो," नर्सबाई म्हणाल्या. "टपालवाला माशी दिसली की पळतो. माझ्या भाच्याची बोटं बघा, पावाएवढी. त्याने धरली असती तर राणी दोन बोटांत चिरडली असती. मोहरीएवढा रंग चिमट्यानं उचलायचा आणि खालच्या जिवाला धक्का लागू द्यायचा नाही, असा हात या गल्लीत..."

फाटक करकरलं.

घड्याळकाकू आत आल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा. जाळीचा टोप नाही, काही नाही. हातात खिशातलं घड्याळ.

६

"शनिवारी पाच वाजता आले मी," त्या म्हणाल्या. "किल्ली कुठं असते ते मलाच माहीत नसायचं का? खिळा त्यांनीच ठोकलाय."

एक माशी काकूंच्या केसांवर बसली आणि उठली.

"रविवारी तुम्ही ठिपक्यावरून तिला हुडकणार, आणि मग..." त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली आणि लगेच सोडली. "ठिपका नसला तर सापडणार नाही, म्हाताऱ्या राण्या मरतातच, म्हणून सोडून द्याल, असं वाटलं मला. कुणावर आळ येईल हे ध्यानीमनी नव्हतं." त्या बेकरीवाल्याकडे वळल्या. "काल कळलं. तेव्हाच यायला हवं होतं. रात्रभर विचार केला, मी बोलले तर तिला मारतील, नाही बोलले तर तुला काढतील. माझी एक रात्र गेली, तुझे तीन दिवस गेले. मला माफ कर बाबा."

बेकरीवाला लाजून पायाने माती उकरत राहिला. "काकू, तुम्ही... असं नका म्हणू."

चिटणिसांचा राग उतरला होता, पण पूर्ण नाही. "नियम घड्याळजींचाच होता, वहिनी."

"हो. आणि ठिपकाही त्यांचाच." काकूंनी घड्याळ उघडून पुढे धरलं. काचेखाली निळा कण होता. "त्यांच्या हातचं एवढंच जितंजागतं उरलं होतं, भावजी. बाकी घड्याळं आहेत, पण ती काय, किल्ली दिली की चालतात. हा ठिपका रोज कुठंतरी हिंडत होता. चिमटा लावला तेव्हा वाटलं, हा मी काढतेय म्हणजे त्यांचंच शेवटचं पुसतेय. पण ठिपका ठेवला असता तर राणी गेली असती. मग राणी ठेवली." त्या किंचित हसल्या. "एक माशी चावली. बरोबरच होतं तिचं."

बाग गुणगुणत होती. चिटणिसांनी पाचवी चौकट स्वतःच्या थरथरत्या हातात घेतली. उभी अंडी बघितली, पुन्हा बघितली. एकही घर रिकामं सुटलं नव्हतं.

"तिसरं वर्ष म्हणून बदलायची," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ही तर पहिल्या वर्षाची असल्यासारखी घालतेय. वहीत हे आहे का बाई?"

"दर आठवड्याला लिहिते मी," नर्सबाई म्हणाल्या. "वाचत कुणी नाही. सगळे ठिपक्याचा रंग बघतात नि पान उलटतात."

चिटणिसांनी चौकट हळूच पेटीत सोडली. झाकण ठेवलं. मग खिशातून पिंजरा काढून तो बेकरीवाल्यापुढे धरला.

"ही बुधवारपर्यंतच टिकेल," ते म्हणाले. "आणि इथं खरोखर पोरकी पेटी एकच आहे."

बेकरीवाल्याने हात पुढे केले, मग मागे घेतले. "हाताला पीठ आहे."

"असू दे."

"रविवारी तुम्ही..."

"रविवारी मी चुकलो. आता घे बाबा, नाहीतर माझ्या हातून पडेल."

चार नंबरच्या पेटीत दोन चौकटींच्या मध्ये पिंजरा टांगला. साखरेचा गोळा खायला माश्यांना दोनतीन दिवस लागतात. तेवढ्यात राणीचा वास पेटीभर पसरतो, आणि गोळा संपून वाट मोकळी झाली की ती परकी राहत नाही. बेकरीवाला दोरखंडावरच बसून राहिला. निघायचं नावच घेईना.

पुढच्या रविवारी सकाळी बागेत पुन्हा धुकं होतं. नर्सबाईंचा नेम चालू होता. फक्त त्यांनी देवाला सांगून ठेवलं होतं, की इथून पुढे कुणावर आळ आला तर दहाची वाट बघणार नाही. बेकरीवाल्याने चार नंबरला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि मग मावशीकडे बघून नुसती मान हलवली. त्याच्या गालावर पेटीचा रंग आणि पेटीवर त्याचं पीठ लागलं होतं. टपालवाला फाटकापासून चार पावलं आत होता आणि सगळ्यांनी ते बघावं म्हणून खोकत होता.

चिटणिसांनी निळ्या रंगाची बाटली आणि बारीक कुंचला आणला होता. त्यांनी तो काकूंपुढे केला. "तुमच्याशिवाय इथं कुणाचा हात स्थिर नाही. खूण करून टाका."

काकू पाचव्या चौकटीवर वाकल्या. राणी एका घरात पोट घालून थांबली होती. भोवतीच्या माश्या तिच्याकडे तोंड करून उभ्या. काकूंनी कुंचला बोटांत धरला, बराच वेळ धरला, आणि मग कोरडाच परत दिला.

"कामात आहे ती," त्या म्हणाल्या.

नर्सबाईंनी वही उघडली. सात नंबरचं पान. गेली दोन वर्षं दर रविवारची नोंद तिथं एकाच ओळीने सुरू होत होती : राणी दिसली, निळा ठिपका. त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि खाली लिहिलं :

ठिपका नाही. राणी आहे.